खिडकीचं काम काय? घरबांधणीतलं मूल्य व्यवस्थापन

बांधकामाचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर जायला लागला की बैठकीत कुणीतरी म्हणतं, "आता जरा व्हॅल्यू इंजिनिअरिंग करू या." मग छतावरचा उष्णतारोधक थर रद्द होतो, छज्जे आखूड होतात, पावसाचं पाणी साठवायची टाकी 'पुढच्या टप्प्यात' ढकलली जाते. ही निव्वळ काटछाट आहे, तिला व्हॅल्यू इंजिनिअरिंग म्हणणं साफ चूक. मूळ पद्धत, म्हणजेच मूल्य व्यवस्थापन, नेमकी उलट आहे: घटकाचं काम आधी ओळखायचं, मग ते कमी खर्चात कसं होईल ते शोधायचं. आणि पर्यावरणपूरक घरं आवाक्यात आणायची असतील तर तीच हवी.

तिचा जन्म टंचाईतून झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कच्चा माल मिळेनासा झाला, तेव्हा जनरल इलेक्ट्रिक कंपनीत खरेदीचं काम बघणारे अभियंते लॉरेन्स माइल्स यांनी वेगळा प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा भाग मिळत नाही, ठीक. पण तो काम काय करतो? तेच काम दुसरं काय करू शकेल? असे शोधलेले पर्याय अनेकदा स्वस्त निघाले, काही तर मूळ भागापेक्षा सरस ठरले. १९४७च्या सुमारास त्यांनी याची रीतसर पद्धत बांधली. मूल्य म्हणजे मिळणारं काम भागिले त्यासाठी येणारा खर्च. घराच्या बाबतीत या खर्चात बांधकामाबरोबरच पुढची वीज, दुरुस्ती आणि शेवटी पाडकामही धरावं लागतं.

मला या पद्धतीतला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे कार्यविश्लेषण. प्रत्येक घटकाचं काम दोन शब्दांत लिहायचं: एक नाम, एक क्रियापद. भार पेलणे. पाऊस रोखणे. उजेड घेणे. पुढे १९६०च्या दशकात चार्ल्स बायथवे यांनी या कामांची साखळी मांडायची युक्ती काढली. कोणत्याही कामाला 'कसं?' विचारलं की ते करायचा मार्ग कळतो, 'का?' विचारलं की त्यामागचा हेतू.

पश्चिमेच्या खोलीतला एसी घ्या. त्याचं काम: उष्णता काढणे. का? खोली गार ठेवणे. मग पुन्हा विचारा, खोली गार ठेवणार कशी? आता दोन उत्तरं दिसतात: आत आलेली उष्णता काढणे, किंवा ती आत येऊच न देणे. दुसरं उत्तर यंत्रांच्या यादीत कधीच सापडलं नसतं.

ती येते कुठून? बरीचशी काचेतून. काच सूर्याचा दृश्य प्रकाश आणि जवळचे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण सहज आत सोडते. ते फरशीवर, पडद्यावर पडून शोषले जातात. तापलेल्या वस्तू मग साधारण १० मायक्रॉन तरंगलांबीचे किरण सोडतात, आणि त्यांना साधी काच जवळजवळ अपारदर्शक असते, म्हणजे उष्णता आतच अडकते. म्हणून आतला पडदा उशिरा धावून येतो. ऊन तोवर घरात शिरलेलं असतं. तीच सावली काचेबाहेर धरली तर बहुतेक उष्णता बाहेरच राहते. मावळतीचं ऊन तिरकं येत असल्याने आडवा छज्जा इथे पुरत नाही. बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा झडपा लागतात. त्या बसवल्या की एसी लहान लागतो, त्याची वायरिंग कमी होते, आणि वाचलेल्या पैशांतून झडपांचा खर्च काही अंशी तरी निघतो.

'जितकं जास्त तितकं हरित' हाही भ्रमच. समजा, भिंतीचा उष्णतावहनाचा आकडा, म्हणजे यू-मूल्य, २ आहे (हा आकडा जितका लहान, तितकी उष्णता कमी शिरते). तिचा रोध त्याचा व्यस्त, म्हणजे ०.५. ०.०३५ वाहकतेचा ५ सेंटिमीटर उष्णतारोधक थर लावला की रोधात १.४३ची (मीटरमधली जाडी भागिले वाहकता) भर पडते आणि यू-मूल्य ०.५२वर येतं. म्हणजे भिंतीतून येणारी उष्णता सुमारे ७४ टक्के घटली. आणखी ५ सेंटिमीटर लावा: एकूण घट ८५ टक्के. आणखी ५: ९० टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्या थराचा खर्च पहिल्याइतकाच, काम मात्र जेमतेम पाच टक्क्यांचं. तोच पैसा उघड्या छतावर घातला तर कितीतरी जास्त कामी येतो. जाहिरातीतलं हिरवं पान हा हिशेब सांगत नाही.

सिमेंटलाही हाच प्रश्न विचारायला हवा. ते चुनखडी भाजून बनतं, आणि चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. १०० किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजलं तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, इंधनाचा वेगळाच. त्यामुळे 'भार पेलणे' हे काम आधीच खांब-तुळया करत असतील, तर मधल्या भिंती जड काँक्रीटच्या कशाला?

अडचण पैशांच्या वाटणीची आहे. झडपांचा खर्च बांधणारा करतो, विजेचं बिल राहणारा भरतो. म्हणून आराखडा कागदावर असतानाच वास्तुरचनाकार, अभियंता आणि कंत्राटदार यांच्याबरोबर राहणाऱ्यांचा आणि देखभाल करणाऱ्यांचाही माणूस बैठकीत बसवावा. पाया भरल्यावर पश्चिमेची खिडकी हलत नाही. आणि तिथे ठरलेली कामांची यादी कंत्राटाला जोडावी. पुढे कुणी एखादा घटक वगळायला सांगितला, तर त्याचं काम आता कोण करणार, हे त्याने लेखी द्यावं.