१:७२ आणि १:७६ : ‘एकच’ नव्हेत

रणगाड्यांची छोटी मॉडेल्स करणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षे फिरतो: ‘१:७२ (म्हणजे मूळ वस्तूच्या लांबीचा ७२ वा भाग), १:७६, एचओ, ओओ ही एकाच मापाची नावं, काहीही एकत्र मांडा.’

समज उगाच पसरलेला नाही. जुन्या ब्रिटिश किट्सच्या डब्यांवर ‘एचओ/ओओ’ असं जोडून छापलेलं असे. ही दोन्ही मापं मॉडेल रेल्वेतली. ओओमध्ये खऱ्या एका फुटाला ४ मिमी, म्हणजे साधारण १:७६, एचओमध्ये ३.५ मिमी, म्हणजे १:८७. एकच किट दोन्ही मापांचं असूच शकत नाही. १:७२ मध्ये मात्र सहा फुटांचा एक इंच होतो.

आता जर्मन टायगर १ रणगाडा घ्या. तोफ पुढे धरून लांबी ८.४५ मीटर. ७२ ने भागल्यास ११७ मिमी, ७६ ने १११, ८७ ने ९७. पहिल्या दोनांत फरक जेमतेम ६ मिमी, पण तो रुंदी-उंचीतही असतो, त्यामुळे १:७२ चा गाडा घनफळात सुमारे १८ टक्के मोठा होतो. शेजारी ठेवला की डोळ्याला लगेच खटकतं.

डब्यावर विसंबू नका. व्हर्नियर कॅलिपरने (बारीक मापाच्या साधनाने) मॉडेलचा सांगाडा मोजा (तोफ नको, ती वाकते), खऱ्या रणगाड्याची तोफेशिवायची लांबी मिमीमध्ये घेऊन तिला मोजलेल्या आकड्याने भागा. उत्तर ७६ च्या आसपास आलं तर माप १:७६.

सैनिकांच्या बाबतीत थोडं सैल चालतं, माणसं लहानमोठी असतातच. आणि डायोरामात (मॉडेल्सच्या छोट्या देखाव्यात) लहान मापाचा गाडा मुद्दाम मागे ठेवला, तर तो जास्त लांब असल्यासारखा वाटून देखावा खोल दिसतो.