पडल्यावर वाटेत काय येतं?

५ ऑगस्ट २०२० रोजी पोलंडमधल्या काटोवित्से शहरात टूर ऑफ पोलंड या सायकल शर्यतीचा पहिला टप्पा संपत आला होता. शेवटचा रस्ता सरळ, रुंद आणि उताराचा. वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. आघाडीवरचा डिलन ग्रुनेवेगेन आपली रेषा सोडून कडेला सरकत गेला. त्याच्या आणि बॅरिकेडच्या मधून पुढे निघालेल्या फाबियो याकोबसेनला जागाच उरली नाही. तो बॅरिकेडवर आदळला, बॅरिकेडं सुटी होऊन उडाली आणि त्यांच्याबरोबर तोही फेकला गेला. त्याला कृत्रिम कोमात ठेवावं लागलं. चेहऱ्यावर १३० टाके पडले, तोंडात एकच दात उरला आणि जबडा उभा करण्यासाठी कमरेचं हाड काढून वापरावं लागलं. पुढच्या वर्षी हाच याकोबसेन स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत तीन टप्पे जिंकून गुणतक्त्यातल्या पहिल्याला मिळणारी हिरवी जर्सी घेऊन गेला, हे आजही मला थक्क करतं.

ग्रुनेवेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली. चूक त्याची होती आणि शिक्षा व्हायलाच हवी होती. पण सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरत राहिली, हे मला पटत नाही. उतारावरची ती अंतिम रेषा आयोजकांनी निवडली होती आणि ती फार वेगवान आहे अशी तक्रार सायकलपटू आधीपासून करत होते. ती बॅरिकेडंही कोणीतरी ठरवूनच उभी केली होती. शर्यतीत माणसं पडणारच. पडल्यावर त्यांच्या वाटेत काय येतं आणि मदत किती वेळात पोहोचते, हे मात्र शर्यतीच्या आधी ठरवता येतं. यातलं बरंचसं शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राने समजू शकतं.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. एवढा वेग यायला माणसाला २५ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ आठव्या मजल्यावरून पडावं लागेल. मग सायकलपटू वाचतात कसे? वाचतात, कारण त्यांचा वेग आडवा असतो. सायकलवरून पडताना डोकं जमिनीकडे येतं ते जेमतेम दीड मीटरवरून. शर्यतीचा वेग ४० असो की ८०, जमिनीवर आपटण्याचा हा उभा वेग ताशी २० किलोमीटरच्या आतबाहेरच राहतो. उरलेला आडवा वेग घसरण्यात खर्च होतो. कातडी सोलवटते, जर्सी फाटते, प्रसंगी कॉलरबोन मोडतं. पण माणूस बहुतेक वेळा उठून उभा राहतो.

आकडे मांडून पाहू. ६० च्या वेगाने पडलेला सायकलपटू मोकळ्या डांबरावर घसरत गेला, तर घर्षणांक ०.६ धरून तो साधारण २४ मीटरवर थांबेल. या सगळ्या प्रवासात त्याच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट इतकाच मंदावण्याचा भार येतो. तोच सायकलपटू त्याच वेगाने खांबावर आदळून १५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर तो भार गुरुत्वाकर्षणाच्या ९० पटींच्या पुढे जातो. वेग तोच, ऊर्जा तीच; फरक फक्त थांबायला मिळालेल्या अंतराचा. म्हणून मी अपघाताची बातमी वाचताना वेगाच्या आधी रस्त्याकडेला काय होतं ते शोधतो.

हेल्मेटची मर्यादाही इथेच कळते. युरोपातल्या मानकानुसार सायकलचं हेल्मेट दीड मीटरवरून सपाट पृष्ठभागावर पाडून तपासतात; आदळण्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर. सायकलवरून डोकं जमिनीवर येण्याच्या उभ्या वेगाशी हे अगदी जुळतं आणि तेवढ्या कामात हेल्मेट चोख आहे. खडकावर ६० च्या वेगाने सरळ डोकं आदळलं तर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करता येत नाही. तरीही त्याची सक्ती व्हायला फार उशीर झाला. १९९१ च्या पॅरिस–नीस शर्यतीत सायकलपटूंनीच सक्तीविरुद्ध बंड केलं आणि सक्ती मागे घेतली गेली. १९९५ मध्ये टूर द फ्रान्सच्या पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर फाबियो कासार्तेली हा ऑलिंपिक विजेता रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळून मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीसमध्येच आंद्रेई किविलेव हा सायकलपटू दगावला, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, त्याच वर्षीच्या मेपासून हेल्मेट बंधनकारक केलं.

बॅरिकेडबद्दल मात्र बराच काळ फारसं कोणी विचार करत नव्हतं. जुन्या लोखंडी बॅरिकेडला आधारासाठी पाय असतात आणि ते रस्त्याच्या बाजूलाही बाहेर आलेले असतात. १९९१ मध्ये पॅरिसच्या शाँज़ेलिझेवर, टूर द फ्रान्सच्या शेवटच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे अंतिम रेषेकडच्या वेगवान चढाओढीत, अब्दुजापारोव हा सायकलपटू कडेच्या बॅरिकेडच्या पायात अडकून भयानक कोसळला होता. म्हणजे हा धोका काटोवित्सेच्या जवळजवळ तीस वर्षं आधी सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला होता.

समजा, सायकलपटू ८० च्या वेगाने जाताना बॅरिकेडच्या रांगेला अगदी तिरपा, १० अंशांच्या कोनात, घासला. रांग अखंड आणि गुळगुळीत असेल तर तिच्यावर लंब पडणारा वेग भरतो सुमारे १४ किलोमीटर. उरलेला वेग रांगेला समांतर राहतो आणि माणूस घासत पुढे निघून जातो. पण त्या धक्क्याने एक बॅरिकेड जरी मागे ढकललं गेलं, तर पुढच्या बॅरिकेडची उभी कड उघडी पडते आणि आता तिच्यावर पूर्ण ८० चा वेग समोरून येतो. काटोवित्सेत सुटलेल्या बॅरिकेडांनी नेमका हाच घात केला. म्हणून चांगल्या बॅरिकेडच्या अपेक्षा सोप्या आहेत: ती एकमेकांत घट्ट अडकलेली असावीत, रस्त्याकडचा पृष्ठभाग सलग असावा, पाय पूर्णपणे मागे असावेत आणि वरचा भाग रस्त्यापासून दूर कललेला असावा, म्हणजे हँडल अडकत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या मोठ्या शर्यतींच्या आयोजकांनी बोप्लान या बेल्जियन कंपनीबरोबर अशी प्लॅस्टिकची तिरपी बॅरिकेडं तयार करून २०२१ पासून वापरायला घेतली. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली ही सगळ्यात मोलाची सुधारणा आहे, कारण ती सायकलपटूच्या शहाणपणावर अवलंबून नाही.

मुळात इतकी माणसं एकमेकांना खेटून का चालवतात? त्याचं उत्तर हवेत आहे. २०१८ मध्ये बर्ट ब्लोकेन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलपटूंच्या जथ्याचं संगणकावर आणि वायुबोगद्यात मोजमाप केलं. जथ्याच्या पोटात असलेल्याला एकट्या सायकलपटूच्या तुलनेत हवेचा अवघा ५ ते १० टक्के विरोध होतो, असं त्यांना आढळलं. जथा ५४ च्या वेगाने धावत असताना आतल्याला १२ ते १५ च्या वेगाने एकट्याने चालवण्याइतकेच कष्ट पडतात. एवढी बचत कोण सोडेल? पण या बचतीसाठी पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक जवळजवळ टेकवावं लागतं. पुढचा हातभर बाजूला सरकला आणि चाकं घासली, तर मागच्याचं पुढचं चाक अडतं आणि तो खाली येतो. डोळ्यांनी पाहून ब्रेक दाबेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी ६० च्या वेगाला आठ मीटर मागे पडलेले असतात आणि तेवढ्या जागेत आणखी तीन-चार ओळी असतात.

दाटी कमी करण्यासाठी २०१८ पासून मोठ्या तीन शर्यतींत (टूर द फ्रान्स, इटलीची जिरो आणि व्हुएल्टा) संघातले सायकलपटू नवावरून आठ करण्यात आले. सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडला, तर त्याला त्याच्या गटाचाच वेळ मिळतो. त्यामुळे एकूण क्रमवारीसाठी लढणाऱ्यांना स्प्रिंटच्या गर्दीत घुसण्याची गरज उरत नाही. आता गरजेप्रमाणे हे अंतर पाच किलोमीटरपर्यंत वाढवता येतं. २०२५ पासून धोकादायक वागणुकीला पिवळं कार्ड मिळतं. एकाच शर्यतीत दोन मिळाली की बाहेर. हे कार्ड संघाच्या गाडीतल्या संचालकाला आणि मोटारसायकलवाल्यालाही मिळू शकतं, हे योग्यच झालं. २०१६ च्या गेंट–वेवेलगेम शर्यतीत पडलेल्या आंत्वान देमुआतिएचा जीव मागून आलेल्या मोटारसायकलच्या धडकेत गेला होता.

वेग कमी करण्यासाठी गिअरवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मला तितकासा पटत नाही. पुढच्या चकतीला ५४ दाते आणि मागच्या चकतीला ११, याहून मोठा गिअर नको, अशी चाचणी यूसीआयला ऑक्टोबर २०२५ मध्ये चीनमधल्या ग्वांगशी शर्यतीत घ्यायची होती. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या बेल्जियमच्या प्राधिकरणाने ती थांबवली. या गिअरवर मिनिटाला ११० पायडल मारले तर वेग ६९ च्या आसपास जातो, म्हणजे स्प्रिंटमध्ये थोडा फरक पडेलही. पण घाटाच्या उतारावर सायकलपटू पायडल मारणं सोडून देतात आणि हँडलवर वाकून बसतात. तिथे वेग गुरुत्वाकर्षण देतं.

आणि जीव जातात ते मुख्यतः अशा उतारांवर. वळणावर टायर किती पकडेल याला मर्यादा आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणाला कोरड्या रस्त्यावर, घर्षणांक ०.८ धरला तर, ४५ च्या वेगाने जाता येतं. पाऊस पडून तो ०.५ वर आला की ३६ ने. वळताना ब्रेक दाबला तर पकडीचा काही हिस्सा ब्रेक खातो आणि वळायला कमी उरतो. एप्रिल २०२४ मध्ये बास्क प्रदेशातल्या इत्झुलिया शर्यतीत उतारावरच्या एका वळणावर योनास विंगेगार्ड, रेम्को एवेनेपूल आणि प्रिमोझ रोग्लिच हे आघाडीचे सायकलपटू एकाच वेळी पडले. कडेला काँक्रीटचं गटार आणि दगड होते. विंगेगार्डच्या बरगड्या आणि कॉलरबोन मोडलं, फुप्फुसालाही इजा झाली. तिथे जाड गाद्या बांधलेल्या असत्या तर? ८० च्या वेगाचा माणूस अर्ध्या मीटरमध्ये थांबला तर भार ५० पट, दोन मीटरमध्ये थांबला तर १३ पटींच्या आत. स्कीइंगच्या शर्यतींत जाळ्यांच्या दोन-दोन रांगा लावतात त्या याचसाठी. शंभर-दीडशे किलोमीटरच्या रस्त्याला जाळी लावता येणार नाही, हे खरं. पण ठरावीक वेगाला कुठलं वळण निसटेल हे नकाशा आणि उतार पाहून आधी काढता येतं.

आपल्याकडे जुनी मुंबई–पुणे शर्यत बोरघाट चढते आणि ‘घाटाचा राजा’ चढावर ठरतो, जिथे वेग कमी असतो. जानेवारी २०२६ ची पुणे ग्रँड टूर ही यूसीआयच्या २.२ श्रेणीतली, म्हणजे दुसऱ्या वर्गाची, टप्प्यांची शर्यत सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर आली, तेव्हा उतारही आले. गुळगुळीत नवं डांबर वेग वाढवतं. त्यामुळे रस्ता चांगला केला की कडेचे दगडी कठडे, उघडी गटारं आणि गतिरोधक यांचा हिशेब नव्याने करावा लागतो.

शेवटचा प्रश्न शोधण्याचा. १५ जून २०२३ रोजी टूर ऑफ स्वित्झर्लंडमध्ये आल्बुला घाट उतरताना जीनो मेडर दरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये झुरिकच्या जागतिक स्पर्धेत पावसाने ओल्या झालेल्या जंगलरस्त्यावर १८ वर्षांची म्युरिएल फुरर पडली. ती पडताना कोणी पाहिलं नाही आणि ती झाडीत असताना शर्यत चालूच राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. डोक्याला मार लागलेल्या माणसाला श्वास आणि रक्तदाब सांभाळणारं कोणीतरी मिनिटांत मिळावं लागतं. शर्यतीमागे धावणाऱ्या रुग्णवाहिका आणि डॉक्टरांच्या गाड्या कुठे थांबायचं हे माहीत नसेल तर पुढे निघून जातात.

हे काम जीपीएस करू शकतं. सीटखाली बसवलेलं छोटं यंत्र आपली जागा सतत कळवत राहतं. जंगलात किंवा दरीत काही मीटरची चूक होईल, पण तिने बिघडत नाही. ५० च्या वेगाचा ठिपका एकदम थांबला आणि थांबूनच राहिला, एवढं कळलं तरी नियंत्रण कक्षात घंटा वाजवता येते. अडचण दुर्गम भागातल्या मोबाइल सिग्नलची आहे आणि ती हवेतल्या विमानाच्या मदतीने सोडवता येते; टीव्हीचं थेट प्रक्षेपण याच मार्गाने होतं. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रोमांदीच्या महिला शर्यतीत यंत्र कोणाच्या सायकलला लावायचं यावरून वाद होऊन पाच संघांना सुरुवातीआधीच बाद करण्यात आलं. माहितीवर हक्क कोणाचा, हा संघांचा प्रश्न खोटा नाही. पण तो खोलीत बसून मिटवायचा होता, त्यापायी मुलींची शर्यत बुडायला नको होती. महिन्याभराने रवांडातल्या किगालीच्या जागतिक स्पर्धेत प्रत्येक सायकलला यंत्र लागलं.

फुरर ज्युनियर गटात होती. जुलै २०२५ मध्ये इटलीतल्या वाल द’ऑस्ताच्या शर्यतीत पडून गेलेला सामुएले प्रिवितेरा १९ वर्षांचा होता. टूर द फ्रान्सकडे हेलिकॉप्टर आहेत, भरपूर कॅमेरे आहेत. ज्युनियर आणि २३ वर्षांखालच्या शर्यतींत यातलं फारसं काही नसतं, डोंगर मात्र तेच असतात. म्हणून ही यंत्रं आणि तिरपी बॅरिकेडं आधी त्या शर्यतींना मिळावीत, आणि त्यांचा खर्च यूसीआयने व मोठ्या आयोजकांनी उचलावा.