लॅपटॉपच्या चार्जिंगमधील बिघाड व त्यांचे निदान

लॅपटॉपच्या चार्जिंगमधील बिघाड : भिंतीवरील सॉकेटपासून बॅटरीतील सेलपर्यंत वीज पोहोचवणाऱ्या साखळीतील एखादा दुवा तुटल्याने किंवा कमजोर झाल्याने लॅपटॉप चार्ज न होणे, अडखळत चार्ज होणे किंवा मुळीच सुरू न होणे. सॉकेट, अ‍ॅडॉप्टर, त्याची केबल, लॅपटॉपचा जॅक (पिन घालण्याचे छिद्र), मदरबोर्डवरील (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डवरील) चार्जिंग सर्किट आणि बॅटरी हे या साखळीचे मुख्य दुवे होत. तक्रार आली की संशय प्रथम बॅटरीवर जातो आणि पहिला खर्चही तिच्यावरच होतो. मात्र केबल आणि जॅक रोज वाकतात, ओढले जातात, त्यामुळे तपासणीची सुरुवात त्यांच्यापासून करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अ‍ॅडॉप्टर १०० ते २४० व्होल्टचा एसी पुरवठा घेऊन त्याचे साधारणपणे १९ ते २० व्होल्टच्या डीसी पुरवठ्यात रूपांतर करतो. साध्या लॅपटॉपसाठी ४५ किंवा ६५ वॉटचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या यंत्रांना याहून बराच मोठा लागतो. बॅटरीत बहुधा ३ किंवा ४ लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा नेहमीचा दाब (व्होल्टेज) सुमारे ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो सामान्यतः ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. चार्जिंग सर्किट आधी स्थिर प्रवाहाने सेल भरते आणि दाब वरच्या मर्यादेला पोहोचला की प्रवाह हळूहळू कमी करत नेते. शेवटचे काही टक्के भरायला लागणारा जास्त वेळ हा म्हणूनच दोष नव्हे.

चार्जिंग सुरू ठेवायचे की थांबवायचे, हे मदरबोर्डवरील नियंत्रक आणि बॅटरीतील संरक्षक सर्किट परस्परांशी संवाद साधून ठरवतात. सेल फार तापले असतील किंवा त्यांचे तापमान ० अंश सेल्सिअसच्या खाली गेले असेल, तर चार्जिंग रोखले जाते. आयुष्य वाढवण्यासाठी ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय अनेक लॅपटॉपमध्ये असते आणि ती चालू असल्याचे वापरणाऱ्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. त्यामुळे ‘प्लग लावला आहे, चार्ज होत नाही’ असा संदेश दिसला की आधी ही मर्यादा आणि यंत्राचे तापमान पाहावे.

अ‍ॅडॉप्टरवर दिवा असेल तर त्याच्यासारखा सोपा साक्षीदार नाही. सॉकेटला जोडूनही दिवा लागत नसेल, तर दोष सॉकेट, मुख्य वायर किंवा अ‍ॅडॉप्टर यांत असतो. दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घालताच विझतो आणि पिन काढून थोडा वेळ गेल्यावर पुन्हा लागतो, असे दिसले तर लॅपटॉपमध्ये शॉर्ट (नको तिथे थेट झालेली विद्युत जोडणी) असण्याची दाट शक्यता असते. जादा प्रवाह खेचला जाताच अ‍ॅडॉप्टरमधील संरक्षण पुरवठा तोडते. जुळणारा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावूनही हेच घडले, तर नवा विकत घेऊन काही साधणार नाही. केबल हलवल्यावर चार्जिंग येत-जात असेल, तर पिनजवळ वायर आतून तुटलेली असते किंवा जॅक सैल झालेला असतो. मल्टिमीटर या विद्युत मापकाने पिनेवर मोजलेला दाब लेबलवरील आकड्याशी जुळला, तरी अ‍ॅडॉप्टर निर्दोष ठरतोच असे नाही, कारण भार (वीज खेचणारे यंत्र) नसताना योग्य दाब देणारा जुना अ‍ॅडॉप्टर भार पडताच ढासळू शकतो.

काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून अ‍ॅडॉप्टर आपली क्षमता यंत्राला कळवतो. ही सुई वाकली किंवा तिची नाजूक वायर तुटली, की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही आणि बहुधा प्रोसेसरही मंदावतो. हे लक्षण ओळखता न आल्याने चांगल्या बॅटऱ्या विनाकारण बदलल्या जातात.

यूएसबी-सी चार्जिंगमध्ये अशी ओळख प्रत्येक जोडणीत होते. पुरवठा ५ व्होल्टपासून सुरू होतो आणि दोन्ही बाजूंची बोलणी झाल्यावर ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो. साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट वाहून नेते. ५ अँपिअरसाठी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असावी लागते. २०२१ मध्ये यूएसबी-सी चार्जिंगच्या मानकाची कमाल मर्यादा १०० वॉटवरून २४० वॉटवर नेण्यात आली. फोनचा चार्जर लावल्यास लॅपटॉप अतिशय सावकाश भरतो किंवा चार्जर नाकारतो. हा बिघाड नसून क्षमतेतील तफावत आहे. शिवाय प्रत्येक यूएसबी-सी पोर्ट चार्जिंगसाठी नसतो आणि पोर्टमध्ये साचलेल्या धुळीमुळेही पिन पूर्ण बसत नाही.

लॅपटॉप पूर्णपणे निपचित पडला असेल, तर अ‍ॅडॉप्टर काढून, बॅटरी निघणारी असल्यास तीही काढून, पॉवर बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरावे आणि मग फक्त अ‍ॅडॉप्टर लावून पाहावे. अडकलेला नियंत्रक यामुळे नव्याने सुरू होऊ शकतो. फुकटचा आणि निरुपद्रवी असल्याने हा उपाय दुरुस्तीपूर्वी नक्की करावा.

बॅटरीचा निवाडा आकड्यांवर करावा. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारीशेजारी मिळतात. ५०,००० मिलिवॉट-तासांची बॅटरी २५,००० वर आली असेल, तर ती निम्मी झिजली आहे. टचपॅड वर उचलला गेला किंवा तळाचे झाकण फुगले, तर मात्र आकड्यांची वाट पाहू नये: चार्जिंग ताबडतोब थांबवावे, बॅटरी टोचू किंवा दाबू नये आणि ती सुरक्षितपणे काढून घ्यावी, कारण सुजलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो.

चार्जिंग चालू असताना धातूच्या कवचाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटणे ही वारंवार येणारी तक्रार आहे. अर्थिंग नसलेल्या जोडणीत अ‍ॅडॉप्टरमधील विद्युत गोंगाट (नको असलेले विद्युत चढउतार) शोषणाऱ्या कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या घटकातून) अत्यल्प प्रवाह कवचापर्यंत येतो, त्याचा हा परिणाम असतो. तीन पिनांची वायर आणि योग्य अर्थिंग असलेले सॉकेट वापरल्यास तो सहसा थांबतो. जोराचा झटका बसल्यास तो अ‍ॅडॉप्टर पुन्हा लावू नये.

जॅक लहान केबलने जोडलेला असेल तर तो सहज बदलता येतो. मदरबोर्डवर सोल्डर केलेला असल्यास काम कौशल्याचे होते. बोर्डावरील शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा जळलेला मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शोधणे जाणकार तंत्रज्ञावर सोपवावे. अ‍ॅडॉप्टर उघडण्याचा प्रयत्न मुळीच करू नये: २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातील मुख्य कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही त्यात काही काळ धोकादायक विद्युतभार साठलेला राहू शकतो.