एकाच्या बदल्यात १०२७

ऑक्टोबर २००९मध्ये इस्रायलनं २० पॅलेस्टिनी महिला कैद्यांना सोडलं आणि बदल्यात घेतली एक चित्रफीत, अडीच मिनिटांहून थोडी मोठी. तीत एक सडपातळ तरुण खुर्चीवर बसला होता. हातात १४ सप्टेंबरचं वर्तमानपत्र, म्हणजे त्या दिवशी तरी तो जिवंत होता. माणूस अजून ताब्यात आलेलाच नव्हता. तो जिवंत असल्याच्या पुराव्याची ही किंमत.

हा तरुण म्हणजे इस्रायली सैनिक गिलाद शालित. तो तेव्हा तीन वर्षांहून अधिक काळ हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या कैदेत होता. २५ जून २००६ रोजी गाझाच्या सीमेवर केरेम शालोमजवळ हमास आणि तिच्या साथीदार गटांच्या लोकांनी भुयारातून येऊन त्याच्या रणगाड्यावर हल्ला केला. दोन सहकारी मारले गेले, १९ वर्षांच्या शालितला ओढून नेलं. तो सुटला १८ ऑक्टोबर २०११ रोजी, १०२७ कैद्यांच्या बदल्यात.

दोन देशांमधल्या युद्धात असा भाव ठरवावा लागू नये, म्हणून १९४९चा तिसरा जिनिव्हा करार आहे. प्रत्यक्ष लढाई थांबली की युद्धकैद्यांना विनाविलंब परत पाठवायचं, असं तो सांगतो. पण इथे एका बाजूला राज्य, दुसरीकडे सशस्त्र संघटना, आणि लढाई संपण्याचं नाव नाही. शालितला भेटायची परवानगी रेड क्रॉसलाही कधी मिळाली नाही. कायदा पोहोचत नाही, तिथे सौदा सुरू होतो.

सौद्याचा एक धागा आपल्या मनात आहे. अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६८मध्येच दाखवलं होतं, की एका आजारी मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी लोक पैशांचा पाऊस पाडतात. पण कर कमी पडल्यामुळे रुग्णालयांची दशा खालावून कुठे कुठे मृत्यू वाढणार असतील, तर त्यासाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पहिल्या बळीला चेहरा असतो, दुसरा फक्त आकड्यात असतो. पुढे तेहिला कोगुट आणि इलाना रिटोव्ह या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगानं तपासलं. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नाव, वय आणि फोटो दिलेल्या एकाच मुलासाठी लोकांनी जितकी मदत देऊ केली, तितकी आठ मुलांच्या गटासाठीही दिली नाही.

शालितच्या आईवडिलांनी नेमका हा चेहरा देशासमोर धरून ठेवला. २०१०मध्ये त्यांनी उत्तरेतल्या आपल्या गावाहून जेरुसलेमपर्यंत पदयात्रा काढली, हजारो लोक सामील झाले. मग पंतप्रधानांच्या निवासस्थानाजवळच्या तंबूत त्यांनी ठाण मांडलं. तिथून जाणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला तो फोटो दिसत होता. त्यातच लष्करी सेवा सक्तीची. घराघरात वाटायचं, हा आपलाही मुलगा असू शकला असता. याला निव्वळ भावनिक दुबळेपणा म्हणणं मला पटत नाही. राज्य तरुणाला हुकूम देऊन सीमेवर उभं करतं, तेव्हा त्याला परत आणण्याचं ऋणही राज्याच्याच माथी येतं.

मात्र हाच चेहरा भाव चढवतो. १९८२मध्ये इस्रायली अर्थतज्ज्ञ एरिएल रुबिनस्टाइन यांनी घासाघिशीचं एक गणिती प्रारूप मांडलं. दोघं आळीपाळीनं प्रस्ताव ठेवतात आणि उशीर होईल तसतशी वाटून घ्यायची पोळी लहान होत जाते. ज्याला थांबणं कमी महाग पडतं, त्याच्या वाट्याला मोठा तुकडा येतो. तंबूतला प्रत्येक दिवस इस्रायली सरकारला महाग पडत होता. पण २०११मध्ये सीरिया पेटला, दमास्कसमधलं हमासचं बस्तान डळमळलं आणि थांबणं त्यांनाही परवडेनासं झालं. त्याच उन्हाळ्यात इस्रायलमध्ये महागाईविरोधात लाखो लोक रस्त्यावर होते. इजिप्तच्या मध्यस्थीनं करार झाला. मंत्रिमंडळात २६ मतं बाजूनं पडली, ३ विरोधात.

आपण बाहेरचे लोक १०२७ हा आकडा ऐकून थक्क होतो. पण तो आकडा आपल्याला आहे. गाझातल्या आणि वेस्ट बँकेतल्या घरांमध्ये त्या प्रत्येकाचा फोटो भिंतीवर होता, आणि त्यांतले काही तर तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. सौदा झाला तो त्यामुळेच: प्रत्येक बाजूला ज्याचा चेहरा दिसत होता, तो समोरच्याच्या ताब्यात होता.

आकड्यात राहतो तो पुढचा बळी. हा पेच जुना आहे. ज्यू धर्मात कैद्याला सोडवणं हे मोठं पुण्यकर्म, तरीही सुमारे १८०० वर्षांपूर्वीची मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा संग्रह, बजावते, की कैद्याच्या मोलापेक्षा जास्त खंडणी देऊ नये. तेराव्या शतकात जर्मनीतले थोर रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मेईर तुरुंगात पडले. भरमसाट खंडणी देऊन आपल्याला सोडवू नका, असं त्यांनी अनुयायांना सांगितल्याची परंपरा आहे. नाहीतर पुढे पुढे रब्बी पळवण्याचा धंदाच झाला असता. १२९३मध्ये ते कैदेतच वारले. त्यांचा देह मिळवण्यासाठी चौदा वर्षांनी खंडणी द्यावीच लागली.

१९८५मध्ये तीन सैनिकांच्या बदल्यात सुटलेल्या ११५० जणांत शेख अहमद यासिन होते. दोन वर्षांनी त्यांनी हमास उभारली. शालितच्या बदल्यात सुटलेल्यांत याह्या सिनवार होता, ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्याचा सूत्रधार. हे वाचताना 'हे दिसत नव्हतं का?' असं तोंडावर येतंच. इथे मला मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांचं १९७५मधलं काम आठवतं: निकाल कळला की तो आधीपासून उघड होता, असं आपल्याला वाटू लागतं. २०११मध्ये सिनवार हे यादीतल्या शेकडो नावांमधलं एक नाव होतं. तो आत राहिला असता तर हल्ला टळला असता, हे सिद्ध करणारा प्रयोग कुणालाच करता येणार नाही.

अशा सौद्यांना मर्यादा घालण्यासाठी माजी सरन्यायाधीश मेईर शमगार यांची समिती २००८मध्येच नेमलेली होती. तिचा अहवाल सादर झाला जानेवारी २०१२मध्ये, शालित घरी पोहोचल्यावर. समोर कुणाचा चेहरा नसतानाच असा नियम करता येतो, हे त्या समितीला उमगलेलं असणार.

७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात ओलीस नेलेल्या चार तरुण महिला सैनिक २५ जानेवारी २०२५ रोजी गाझातून परतल्या, २०० कैद्यांच्या बदल्यात. तेल अवीवच्या ज्या चौकात ओलिसांचे फोटो लावले होते, तिथलं मोठं घड्याळ त्या दिवशीही उरलेल्यांसाठी दिवस, तास, मिनिटं आणि सेकंद मोजत होतं.