ब्रेक कॅलिपरची पुनर्बांधणी

डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पिस्टनच्या जोराने पॅड दाबणारा भाग) पूर्ण सुटा करायचा, त्यातली रबरे बदलायची, लागलाच तर पिस्टनही नवा घालायचा, गंज काढून बाहेरून नवा लेप द्यायचा आणि तो पुन्हा जुळवायचा, अशा कामाला कॅलिपरची पुनर्बांधणी म्हणतात. गॅरेजमध्ये यालाच कॅलिपर ओव्हरहॉल म्हणतात. बहुतेक कॅलिपरांसाठी सील, डस्ट बूट (धूळ रोखणारे रबरी आवरण) आणि पिनांची रबरे असलेले रिपेअर किट मिळते आणि साध्या अवजारांनी हे काम घरी होते. रंग डोळ्यांत भरतो म्हणून नवशिक्यांचे लक्ष तिकडे जाते. ब्रेक पुढे नीट चालणार की नाही हे मात्र पिस्टनचा पृष्ठभाग, सीलची खाच आणि स्लायडर पिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) यांवर ठरते.

सील कसे काम करते

कॅलिपरच्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन बसतो त्या पोकळीत, एक गोल खाच असते आणि तिच्यात चौकोनी छेदाचे रबरी सील बसते. पेडल दाबले की पिस्टन पुढे सरकतो आणि त्याला चिकटलेले सील तिरके ताणले जाते. पेडल सोडल्यावर सील मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशांइतके मागे ओढते. बहुतेक कॅलिपरांत पिस्टन मागे आणणारी वेगळी स्प्रिंग नसते, हे काम सीलच करते. त्यामुळे रबर कडक झाले की थेंबभर गळती नसतानाही ब्रेक लागून राहतो.

ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये रबरी कप पिस्टनबरोबर बोअरवर घासत सरकतो. कॅलिपरमध्ये सील जागेवर राहते आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. म्हणून इथे बोअरपेक्षा पिस्टन गुळगुळीत असणे महत्त्वाचे. बोअरवरचे हलके डाग चालतात आणि होनिंगने (बोअर आतून घासून गुळगुळीत करण्याने) फारसे काही साधत नाही. पिस्टनच्या क्रोमला गंजाचा खड्डा पडला असेल तर मात्र तो पिस्टन टाकून द्यावा. पॉलिश पेपरने खड्डा जात नाही, उलट भोवतीचे क्रोम पातळ होते.

पॅड बदलल्यावर लगेच गळती का सुरू होते, याचेही उत्तर इथेच आहे. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत राहतो. त्याचा बाहेर आलेला भाग फक्त डस्ट बूटच्या आसऱ्याला असतो. बूट फाटले असेल तर तो भाग गंजतो, आणि नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत ढकलला की तोच खरखरीत भाग सीलखाली येतो.

दोष ओळखणे

एक चाक इतरांपेक्षा जास्त तापणे, ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढणे, आतला आणि बाहेरचा पॅड असमान झिजणे, या नेहमीच्या खुणा. पण प्रत्येक वेळी दोष कॅलिपरचाच असेल असे नाही. गाडी उचलून स्टँडवर ठेवावी, पेडल दाबून सोडावे आणि चाक फिरवून पाहावे. चाक अडत असेल तर ब्लीडर (कॅलिपरमधली हवा आणि ऑइल बाहेर सोडणारा स्क्रू) किंचित उघडावा. ब्लीडर उघडताच चाक मोकळे झाले तर दाब कॅलिपरच्या आधीच अडकला आहे. अशा वेळी आतून फुगलेला रबरी होज (ऑइलची नळी) किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) तपासावा. ब्लीडर उघडूनही चाक अडतच असेल तर पिस्टन किंवा पिना जाम आहेत. ही तपासणी न केल्याने चांगले कॅलिपर उगाच उघडले जातात आणि दोष तसाच राहतो.

उतरवणे आणि पिस्टन काढणे

कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच ब्लीडर आणि बँजो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) थोडे सैल करून पुन्हा आवळून ठेवावेत. ब्लीडरला सहाकोनी सॉकेटच लावावे, बाराकोनी सॉकेट कडा झिजवते. गच्च बसलेल्या ब्लीडरला उष्णता द्यावी आणि मागेपुढे हलवत सोडवावे. तो आत तुटला तर बाकीच्या कामाला अर्थ उरत नाही. डावा आणि उजवा कॅलिपर यांवर आधीच खूण करावी. अदलाबदल झाली तर ब्लीडर खालच्या बाजूला येतो, वरची हवा निघत नाही आणि कितीही ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणे) केले तरी पेडल मऊच राहते.

पिस्टन बाहेर काढण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे गाडीचेच पेडल. होज जोडलेला असताना पॅड काढावेत, पिस्टनसमोर लाकडाची फळी ठेवावी आणि पेडल हळूहळू दाबावे. गंजलेल्या पिस्टनवर हा दाब हवेच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त लागतो. एकापेक्षा जास्त पिस्टन असतील तर आधी सुटणारा क्लँपने धरून ठेवावा, नाहीतर बाकीचे हलत नाहीत. कंप्रेसर वापरायचा असेल तर दाब २ बारच्या आत ठेवून सुरुवात करावी आणि फळी व पिस्टन यांच्यामध्ये बोट कधीही घालू नये. पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट चिरडू शकतो. पिस्टनची बाहेरची बाजू पक्कडीत धरू नये.

होज काढल्यावर ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ नये म्हणून पेडल थोडे खाली दाबून टेकू लावावा. त्याने मास्टर सिलिंडरमधले टाकीकडचे छिद्र झाकले जाते आणि वाहणे जवळपास थांबते. ब्रेकचे दिवे मात्र जळत राहतात, तेव्हा बॅटरी सोडवून ठेवावी. टाकी कोरडी पडून एबीएस युनिटमध्ये (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेत) हवा गेली तर अनेक गाड्यांत ती काढायला स्कॅनर लागतो.

स्वच्छता आणि लेप

जुने सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकाने उचकटावे, स्क्रू ड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडतो. खाच साफ करणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम आहे. खाचेच्या तळाशी गंज, किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये पांढरी भुकटी, साचली की सील वर उचलले जाते आणि पिस्टनला आवळते. नवे किट घालूनही ब्रेक लागून राहतो तो बहुधा यामुळेच. पितळी तारेचा बारीक ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी खाच धातू दिसेपर्यंत साफ करावी. पेट्रोल, रॉकेल, डिझेल किंवा इंजिन ऑइल आतल्या भागांना अजिबात लागू देऊ नये. त्यांनी ब्रेकचे रबर फुगते. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेला भाग तापवू किंवा वेल्ड करू नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

बिडाच्या कॅलिपरचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विद्युत अपघटनाने छान निघतो. दुसरा इलेक्ट्रोड साध्या लोखंडाचा घ्यावा. स्टेनलेस स्टील घेतले तर घातक क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. या प्रक्रियेत हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा हवेशीर हवी. अ‍ॅल्युमिनियमला ही पद्धत किंवा कॉस्टिक सोडा वापरू नये, धातूच खाल्ला जातो. ग्रिट ब्लास्टिंग (दाबाने खरखरीत कण मारून साफ करणे) करताना जुना पिस्टन आणि जुने सील आतच ठेवून सगळी भोके बंद करावीत.

बाहेरून झिंक प्लेटिंग, दोन भागांचा इपॉक्सी कॅलिपर पेंट किंवा पावडर कोटिंग करता येते. पावडर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात, म्हणून त्याआधी सगळी रबरे काढलेली हवीत. बोअर, खाच, पॅड सरकण्याच्या जागा, बँजो वॉशरची बैठक आणि ब्रॅकेटला टेकणारे पृष्ठभाग यांवर लेप नको. बोल्टखाली रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि बोल्टचा ताण कमी होतो. साधा रंग ब्रेक ऑइलच्या थेंबाने उठतो, इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर बराच टिकतो.

जुळवणी

नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून खाचेत बसवावे आणि कुठे पिळले नाही ना, हे बोट गोल फिरवून तपासावे. खाचेत अडकणाऱ्या प्रकारचे डस्ट बूट आधी पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवायचे, त्याची बाहेरची कड खाचेत बसवायची आणि मगच पिस्टन ढकलायचा. पिस्टन अंगठ्यांच्या जोराने सरळ आत जायला हवा. हातोडीची गरज भासली तर तो तिरका झाला आहे किंवा सील पिळले आहे. बाहेर काढून पुन्हा बसवावा.

स्लायडर पिनांना सिलिकोन ग्रीस पातळ लावावे. छिद्रात ग्रीस ठासले तर हवा कोंडते आणि पिन बाहेर ढकलली जाते. काही गाड्यांत दोनपैकी एकाच पिनेवर रबरी बुश असतो, तिची जागा बदलू नये.

हँडब्रेक आतच असलेल्या मागच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फिरवत आत घालावा लागतो. तो क्लँपने दाबला तर आतली समायोजक यंत्रणा बिघडते. तिथे दाबाखालची स्प्रिंगही असते, म्हणून योग्य अवजार नसेल तर असा कॅलिपर बदलून घेणे शहाणपणाचे. दोन भाग बोल्टने जोडलेला कॅलिपर, मधल्या छोट्या सीलचे किट हाती नसेल तर, उघडू नये.

भरणे आणि चाचणी

बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घालावेत आणि टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे द्यावा. ब्रेक ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचेच आणि नव्या डब्यातले हवे, कारण ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या ऑइलसाठी किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २३० आणि ओलावा मुरल्यावर १५५ अंश सेल्सिअस ठरवला आहे, यावरून ओलाव्याने किती फरक पडतो ते कळते. सिलिकोनचे डॉट ५ इतर प्रकारांत मिसळू नये.

ब्लीडिंग झाल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबावे. पॅड डिस्कपासून दूर असल्याने पहिल्या काही दाबांत ते तळाला जाते, आणि हे विसरून गाडी सुरू केली तर पहिल्या वळणावर ब्रेक मिळत नाही. मग पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे आणि बँजो, ब्लीडर व बूट यांभोवती ओल आहे का ते पाहावे. पेडल सोडल्यावर चाक हाताने फिरले पाहिजे. पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो. त्यानंतर रिकाम्या जागी कमी वेगात चाचणी घ्यावी, दोन्ही बाजूंच्या चाकांचे तापमान जुळते का ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी टाकीतली पातळी व ओल पुन्हा तपासावी.