कोरियन सोया मिल्कला तो कच्चट वास का येत नाही?

सोयाबीन म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना आधी आठवतो तो त्याचा कच्चट, हिरवट वास, त्यामुळे कोरियाचं व्हेजिमिल नावाचं सोया मिल्क पहिल्यांदा प्यायलं की आश्चर्यच वाटतं. १९० मिलीचं छोटं पॅक, रंग किंचित पिवळसर, पहिला घोट गोड आणि खमंग, मग जिभेवर थोडासा तुरटपणा रेंगाळतो. वास मात्र शोधावा लागतो.

खरं तर अख्ख्या कोरड्या सोयाबीनला तो वास फारसा नसतोच, तो तयार होतो दळताना! दाण्यात लिपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं आणि तेलही असतं, पण दोघं वेगवेगळ्या जागी. दाणा पाण्यात वाटला की पेशी फुटतात, एन्झाइम, तेलातलं लिनोलेइक अ‍ॅसिड आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येतात आणि बघता बघता हेक्झॅनलसारखे वासाचे रेणू बनतात. पाण्यात अब्ज भागांत चार-पाच भाग हेक्झॅनल असलं तरी आपल्या नाकाला कळतं, आणि एकदा ते प्रोटीनला चिकटलं की काढणं फार अवघड, म्हणजे जे काही करायचं ते वास तयार व्हायच्या आधीच करायला हवं. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाखवून दिलं गेलं की सोयाबीन थंड पाण्याऐवजी ८० अंशांच्या वरच्या गरम पाण्यात वाटलं तर एन्झाइम लगेच निकामी होतं. मला तर ही फूड सायन्समधली सगळ्यात सुंदर आयडियांपैकी एक वाटते, वरून काही घालायचं नाही, फक्त पाण्याचं तापमान बदलायचं.

व्हेजिमिल मात्र चवीसाठी जन्मलेलं नाही. चुंग जे-वॉन हे सोलमधले बालरोगतज्ज्ञ. १९३७ मध्ये तरुण डॉक्टर असताना त्यांनी जुलाबाने तान्ही बाळं दगावताना पाहिली आणि कारण कुणालाच सांगता येईना. पुढे लंडन आणि अमेरिकेत शिकताना त्यांना उत्तर सापडलं, काही बाळांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज पचतच नाही, मग ते दूध आईचं असो की गाईचं. सोयाबीनमध्ये लॅक्टोज नसतं, प्रोटीन भरपूर असतं, आणि आई घरी करायची ते कोंगगुक, म्हणजे सोयाबीन वाटून केलेलं पातळ सूप, त्यांना आठवलं. त्यातून हे पेय आलं आणि १९७३ मध्ये कंपनी उभी राहिली.

आज त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार जास्त दिसतात, बी जास्त गोड. हिवाळ्यात कोरियातल्या दुकानांत गरम कपाटात ठेवलेल्या बाटल्या मिळतात, आणि कोमट प्यायलं की तेच पेय जास्त गोड लागतं, कारण जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या पेशी उबेत जास्त जोरात सिग्नल देतात. थंड प्यायचं असेल तर ए ऐवजी बी घ्या असं मी सांगेन. सोयाची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र दोन्ही नको.

लातूर, विदर्भात एवढं सोयाबीन पिकतं पण बहुतेक तेलाला आणि पेंडीला जातं, तेव्हा घरी करून बघायला काय हरकत आहे? भिजवलेले दाणे आधी पाच-दहा मिनिटं उकळत्या पाण्यात टाका आणि गरम असतानाच गरम पाण्यात वाटा, फक्त मिक्सरचं भांडं अर्धंच भरा, नाहीतर वाफेने झाकण उडतं. गाळून परत उकळायला ठेवलं की खरी उकळी यायच्या आधीच फेस भसकन वर येतो, तो सोयाबीनमधल्या सॅपोनिनचा, त्याला उकळी समजून गॅस बंद करू नका. सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारा ट्रिप्सिन इनहिबिटर असतो आणि त्याला निकामी करायला एन्झाइमपेक्षा जास्त वेळ आच लागते, म्हणून फेस खाली बसवून मंद आचेवर अजून दहा-पंधरा मिनिटं ढवळत राहा.