केतेवान राणीच्या अस्थी (जुने गोवे)

जॉर्जियातील काखेती राज्याची राणी आणि जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्चची संत केतेवान हिच्या मानल्या जाणाऱ्या, जुने गोवे येथील सांत आगोस्तिन मठाच्या अवशेषांत सापडलेल्या अस्थी. ‘मानल्या जाणाऱ्या’ हे शब्द इथे गाळता येत नाहीत.

राज्यावरचे आक्रमण टळावे म्हणून केतेवान इराणचा शाह पहिला अब्बास याच्याकडे बोलणी करायला गेली आणि ओलीस होऊन बसली. इस्लाम स्वीकारायला तिने नकार दिला, तेव्हा १६२४ मध्ये शिराझ येथे तापलेल्या सांडशींनी हालहाल करून तिला मारण्यात आले. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन (संत ऑगस्टीनच्या नावाच्या कॅथलिक संघातील) धर्मगुरूंनी तिच्या अस्थी मिळवल्या. काही तिचा मुलगा तेइमुराज याच्याकडे पोहोचल्या, काही १६२७ मध्ये गोव्यात आल्या. ऑर्थोडॉक्स हुतात्मा राणीच्या अस्थी अशा रीतीने कॅथलिक मठाने सांभाळल्या.

पोर्तुगीज कागदपत्रांत जागेची खूण नेमकी आहे: मठाच्या सभा-चॅपेलमधील (मठवासीयांच्या सभेच्या प्रार्थनागृहातील) दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. पण खूण असून उपयोग काय, चॅपेलच जागेवर नव्हते! १८३५ मध्ये धर्मसंघांना हाकलल्यावर मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. (मनोऱ्यातली घंटा त्याआधीच काढून नेलेली, ती आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते.) ढिगाऱ्यात आधी चॅपेलचा आराखडा शोधावा लागला, मग खिडकी. अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तिथे हाताचे एक लांब हाड सापडले.

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने (सीसीएमबी) हे हाड आणि त्याच परिसरातले आणखी दोन अस्थि-नमुने तपासले. हाताचे हाड स्त्रीचे निघाले. त्यातील मायटोकॉन्ड्रियल डीएनए ‘यू१बी’ वंशशाखेचा होता. २२,००० हून अधिक भारतीय नमुन्यांत ही शाखा आढळली नाही. जॉर्जियातील ३० व्यक्तींपैकी दोघांत मात्र आढळली. उरलेल्या दोन नमुन्यांतील शाखा दक्षिण आशियातल्या होत्या, म्हणजे ती हाडे राणीची नव्हेत.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए केवळ आईकडून येतो. राणीच्या मातृकुळातील कोणाचा खात्रीचा नमुना तुलनेला नव्हता. त्यामुळे चाचणीने हाडाचा मुलूख सुचवला, नाव नव्हे. नाव येते ते कागदपत्रे आणि सापडल्याची जागा जोडून पाहिल्यावर; म्हणूनच संशोधकांनीही हे हाड राणीचे असण्याची शक्यता आहे, एवढेच म्हटले. राजनैतिक समारंभांत ही सावधगिरी गळून पडते.

२०१७ मध्ये अस्थी दर्शनासाठी जॉर्जियाला पाठवण्यात आल्या. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्यांतला एक भाग जॉर्जियाला कायमचा सुपूर्द केला.